हनुवटीखालची गाठ

ट्रक अजून दोन तास तरी येत नाही, ड्रायव्हरचा आत्ताच फोन आला. दालन आवरून झालंय, काचा पुसून झाल्यात, आणि तुम्ही चौघं मोबाईलची बॅटरी संपवून माझ्या तोंडाकडे बघत बसलाय. मघाशी तुमच्यात बेत चालला होता, उद्या पेट्या उघडल्या की त्यातला एक मुकुट डोक्यावर घालून फोटो काढायचा. मी तेव्हा काही बोललो नाही. आधी एक गोष्ट सांगतो, मग ज्याला फोटो काढायचाय त्यानं खुशाल काढावा.

भुताची म्हणा, नाहीतर म्हाताऱ्याच्या डोक्यातली म्हणा. पण ज्याची आहे तो माझ्या रोजच्या उठण्याबसण्यातला माणूस, आणि त्यातलं बरंचसं मी शिडीवरून माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. दिवे लावणाऱ्या माणसाकडे कुणी बघत नाही, आणि त्याला मात्र सगळं दिसत असतं.

तेव्हा आपल्या म्युझियममध्ये मांडणीचं काम टाचणी बघायचा. खरं नाव नाही घेत. अंगानं सुकडा आणि कायम ओठात चार टाचण्या धरलेल्या, म्हणून सगळे त्याला टाचणी म्हणायचे. जुना झगा असो की तलवार, ती कशावर ठेवायची, कशानं तोलायची, त्यासाठी लागणारे स्टँड आणि फोमचे पुतळे, सगळं तो स्वतःच्या हातानं करायचा. तोंडात टाचण्या, त्यामुळे बोलणं बेताचंच. ती सगळी कसर त्याचा मेहुणा भरून काढायचा. हा त्याच्या बायकोचा, म्हणजे आमच्या वहिनींचा, धाकटा भाऊ. आईवडील लवकर गेले, तेव्हापासून वहिनींनीच त्याला लहानाचं मोठं केलेलं. तिशी उलटली तरी वहिनींच्या दृष्टीनं तो शाळेतून यायचाच होता. राहायचा त्यांच्याच घरात, आणि गल्लीच्या तोंडाशी त्याचं सलून होतं. तोंडाचा पट्टा असा, की लोक दाढीला कमी आणि त्याचं ऐकायलाच जास्त यायचे. माझीही दाढी तोच करायचा. वस्तरा गळ्यावर आला की नेमका तेव्हाच विनोद सांगायचा, म्हणजे हसायचीही सोय नाही.

तर त्या वर्षी आपल्याकडे सामुराईंचं प्रदर्शन आलं, थेट जपानातून. चिलखतं, तलवारी, भाले, शिरस्त्राणं. पण नुसती हत्यारं नव्हती. हे लोक लढायला निघायचे ते नटूनथटून. एका अख्ख्या भिंतीला त्यांचे आरसे, कंगवे, वस्तरे आणि सुगंधी लाकूड जाळायच्या मुठीएवढ्या धूपदाण्या. कपाळापासून टाळूपर्यंत डोकं तासायचं, मागचे केस तेलानं चापून त्यांची घडी डोक्यावर आणून बांधायची. आणि निघायच्या आधी केसांना, शिरस्त्राणाला आतून धुरी द्यायची. कशाला? तर उद्या मुंडकं शत्रूच्या हातात पडलं, तर त्याला वास येऊ नये. हे ऐकून मेहुणा म्हणाला, गिऱ्हाईक असावं तर असं, मेल्यावरही भांग मोडायला नको. आम्ही हसलो. पाहुणेही हसले, त्यांना ओ की ठो कळलं नव्हतं तरी.

पाहुणे म्हणजे सामानाबरोबर आलेले जपानी गृहस्थ. सत्तरीचे, ताठ, पांढरे हातमोजे. पेट्या त्यांच्यासमोर उघडायच्या आणि त्यांच्यासमोरच बंद करायच्या असा करार होता. मोडक्या इंग्रजीत अडखळत बोलायचे, पण टाचणीचं आणि त्यांचं छान जमलं. दोघंही एकेक शब्द तोलून वापरणारे.

आता मेहुण्याचं तिथे काय काम, तर त्या केशरचनेचा एक नमुना ठेवायचा होता. टाचणी साहेबांना म्हणाला, बाहेरून कशाला करून घेताय, घरचाच कारागीर आहे. मेहुण्यानं आठवडाभर खपून खऱ्या केसांचा टोप बनवला, आणि उद्घाटनाच्या आदल्या रात्री तो पोचवायला आला. नोव्हेंबरचा दुसरा बुधवार होता. बाहेर थंडी मी म्हणत होती, रस्त्यावर चिटपाखरू नाही. त्याच्या एका हातात टोपाचा खोका, दुसऱ्या हातात टाचणीचा जेवणाचा डबा, शर्टाच्या खिशात नेहमीची कात्री. वहिनींनी डब्याबरोबर निरोप पाठवला होता, की दोघं मिळूनच घरी या, याला रस्त्यात गप्पा मारत उभा राहू देऊ नका.

टोप बसवून झाला. सुरेख झाला होता. घरी जायला हरकत नव्हती, पण टाचणीचं काम अडलं होतं.

दालनाच्या मधोमध मोठ्या काचपेटीत मुख्य चिलखत होतं. काळं, रेशमी दोऱ्यांनी ओवलेलं, माणूस बसावा तसं आपल्याच पेटाऱ्यावर बसवलेलं. वर शिरस्त्राण. चेहऱ्याला लोखंडी मुखवटा, त्याला घोड्याच्या केसांची मिशी आणि हनुवटीखाली एक बारीक भोक. ते भोक घामासाठी. आत साठू नये, थेंब थेंब खाली गळून जावा. शिरस्त्राणाची दोरी मुखवट्याच्या हनुवटीखालून घेऊन घट्ट बांधायची असते. मूळची दोरी कुजली होती, म्हणून पाहुण्यांनी नवी पांढरी रेशमी दोरी बरोबर आणली होती.

टाचणीनं कोरलेलं फोमचं डोकं मापात अगदी बरोबर होतं. तरी दोरी आवळली की मुखवटा तिरका व्हायचा. दोनदा, चारदा, पुन्हा तेच. जिवंत हनुवटी दोरीला आतून दाब देते. फोम मुकाट्यानं दबतो. नेमका कुठे उंचवटा ठेवायचा ते त्याला उमगत नव्हतं. पाहुणे डोकं दुखतंय म्हणून हॉटेलवर गेले होते, आणि सकाळी दहाला उद्घाटन.

मेहुणा बाजूला स्टुलावर बसून हे सगळं बघत होता. म्हणाला, "भाऊजी, माझं डोकं आहे की. माझ्यावर बांधून बघा आणि त्याप्रमाणे कोरा."

आता आपल्या धंद्यातला पहिला नियम काय? वस्तू माणसाच्या अंगावर चढवायची नाही. राजा असो की साहेब. टाचणीनं मानेनंच नाही म्हटलं. मेहुण्यानं पुन्हा म्हटलं. टाचणीनं पुन्हा मान हलवली. मग त्यानं घड्याळाकडे बघितलं. ओठातल्या टाचण्या काढल्या, एकेक करून बाहीवर टोचून ठेवल्या, आणि हातमोजे चढवले.

त्यानं काळजी सगळी घेतली, हे सांगायला हवं. मेहुण्याच्या डोक्याला, चेहऱ्याला पातळ पांढरा कागद लावला. मग मुखवटा चढवला, वर शिरस्त्राण, हनुवटीखालून दोरी घेऊन चित्रातल्यासारखी गाठ मारली. मुखवटा असा सरळ बसला, की मी शिडीवरून वा म्हणालो. मेहुण्याची बडबड आतून चालूच. आत कसा छान वास येतोय, भाऊजी, आपल्या सलूनमध्ये हाच वास ठेवू या. मग म्हणाला, आरसा द्या, बघू तरी कसा दिसतो.

आरसा दिला. टाचणी फोमचं डोकं आणायला टेबलाकडे वळला. मेहुण्यानं आरशात बघितलं, आणि त्याला गाठीची टोकं दिसली. एक लांब, एक आखूड. केस असोत, मिशी असो, नाहीतर दोरी. खालीवर दिसलं की त्या माणसाचा हात थांबत नसे. खिशातली कात्री कधी निघाली ते मलाही कळलं नाही.

कच्.

मग दुसऱ्यांदा. दोन्ही टोकं गाठीपाशी साफ.

टाचणी वळून म्हणाला, "काय केलंस हे?"

मेहुण्यानं उत्तर दिलं नाही.

मला आधी त्याचंच नवल वाटलं. हा माणूस वस्तऱ्याखाली झोपलेल्या गिऱ्हाइकाशीही बोलायचा. त्यानं कात्री खाली ठेवली. पाठ ताठ केली. दोन्ही मुठी मांड्यांवर ठेवल्या आणि समोर बघत बसला. मला वाटलं, सोंग करतोय. टाचणीलाही तसंच वाटलं असणार. दोरी काय, नवीच होती, सकाळी पाहुण्यांना सांगता येईल. तो सुरी घेऊन कामाला लागला. मेहुण्याकडे बघायचा, फोमवर कोरायचा. जबडा, गाल, हनुवटीचा तो खळगा. हळूहळू टाचणीच्या हातात मेहुण्याचा चेहरा तयार झाला. त्यावर घालायला मी सुती कापड आणून दिलं, ते त्यानं ताणून चढवलं.

"बास. काढ आता."

...

"अरे, झालं. काढ."

मेहुणा हलला नाही. टाचणीनं गाठ सोडवायला घेतली तर धरायला टोकंच नव्हती. शेवटी दोरीचा फास तसाच पुढे सरकवून हनुवटीवरून काढला, शिरस्त्राण उचललं, मुखवटा उतरवला. आत मेहुणा होता. कागद घामानं ओलाचिंब. डोळे उघडे. तोंड घट्ट मिटलेलं.

तीच न सुटलेली गाठ टाचणीनं फोमच्या डोक्यावर चढवली. इतकी नेमकी बसली की काही ओढावंच लागलं नाही. दोघं घरी गेले. वाटेत मेहुणा एक शब्द बोलला नाही, आणि ओळखीचे दोघं भेटले तरी थांबला नाही.

सकाळी पाहुणे आले. मांडणी बघून खूश झाले, मान डोलावली. मग त्यांची नजर हनुवटीखाली गेली आणि तिथेच राहिली.

"टोकं कुणी कापली?"

"मी," टाचणी म्हणाला.

"डोक्यावर असताना, की स्टँडवर?"

मी तिथेच होतो. टाचणीनं कुणाकडेच बघितलं नाही. वस्तू माणसाला घातली असं कबूल केलं, तर नोकरी त्याची जाणार होती आणि नाव मेहुण्याचं खराब होणार होतं. म्हणाला, "स्टँडवर."

पाहुण्यांनी श्वास सोडला. मग अडखळत अडखळत समजावून सांगितलं. जो लढाईहून परत यायचं नाही असं मनाशी ठरवून निघायचा, तो केसांना धुरी द्यायचा, शिरस्त्राणाची गाठ मारायचा आणि दोरीची टोकं कापून टाकायचा. पुन्हा सोडायचीच नाही, तर टोकं कशाला. एवढं सांगून हसले. म्हणाले, "स्टँडवर कापली ना? मग हरकत नाही. स्टँडला कुठे जायचं असतं."

उद्घाटन झालं, पाहुणे दुसऱ्या दिवशी परत गेले. आणि मेहुणा बोलेना.

पहिले दोन दिवस वहिनींना वाटलं, घसा बसला असेल. मग लक्षात आलं, त्याचं तोंडच उघडत नाहीये. दातावर दात. पाण्याशिवाय काही जाईना, तेही गालाच्या कोपऱ्यातून नळी घालून. डॉक्टर झाले, दातांचे डॉक्टर झाले, फोटो काढले. सगळे म्हणाले, जबडा ठणठणीत आहे. हनुवटीखाली मात्र एक लाल वळ उठला होता, या कानापासून त्या कानापर्यंत. तो सलूनमध्ये जायचा, लोकांच्या दाढ्या करायचा, पण तोंडातून अवाक्षर नाही. गिऱ्हाइकं घाबरून यायची बंद झाली. मीही गेलो होतो एकदा. वस्तरा गळ्यावर आला, आणि मी त्याच्या विनोदाची वाट बघत राहिलो... आरशात तो माझ्याकडे बघत नव्हता. माझ्या मागे बघत होता, लांब कुठेतरी.

वहिनी मला सांगायच्या, रात्री झोपत नाही. पलंगावर ताठ बसतो, मुठी मांड्यांवर ठेवतो. उशीला कसलासा धुराचा वास येतो, कितीदा अभ्रे धुतले.

इकडे म्युझियममध्ये रोज सकाळी झाडणारी बाई तक्रार करायची, की मोठ्या पेटीतल्या त्या चिलखतासमोर ओलं असतं. छत गळतंय का बघा. मी शिडी लावून छत बघितलं. कोरडं ठाक. मग वाकून बघितलं. मुखवट्याच्या हनुवटीखालच्या त्या भोकाशी एक थेंब लोंबत होता. माझ्यासमोर पडला. फोम होता आत, लक्षात घ्या. फोम आणि कापड.

मी टाचणीला बोलावून दाखवलं. त्यानं त्याच दिवशी पाहुण्यांना फोन लावला, आणि या वेळी खरं ते सांगितलं. मी शेजारीच उभा होतो. पाहुण्यांनी विचारलं, त्या मुलाला घरचं कोण आहे. टाचणी म्हणाला, बहीण आहे. आणि विचारलं, की गाठ सोडवायची कशी.

पाहुणे म्हणाले, "ज्यानं बांधली तो ती सोडवत नाही. डोकं ज्याच्या हाती लागतं, तो सोडवतो."

त्यानंतर दोघंही फोन कानाला लावून उभे राहिले.

टाचणी घरी गेला आणि वहिनींना सगळं सांगितलं. वहिनी रडल्या नाहीत. म्हणाल्या, दोरीच आहे ना? मग कापून टाका. नोकरी गेली तर जाऊ दे, मी काहीतरी करीन, पण मला माझा भाऊ बोलता करून द्या. हे कुणालाही सुचेल, नाही का? तुमच्याही मनात केव्हाचं आलं असेल. आम्हालाही तेच वाटलं, की संपलं आता.

नोव्हेंबरचा शेवटचा रविवार. म्युझियम सहाला बंद झालं, साफसफाई आटोपून सगळे गेले, आणि साडेनऊच्या सुमारास मी आणि टाचणी दोघंच दालनात आलो. सगळे दिवे बंद. एकच ठेवला, वरून त्या चेहऱ्यावर पडणारा. टाचणीनं पेटी उघडली. धुराचा वास आला. त्यानं फोन स्पीकरवर लावून पेटीच्या कडेवर ठेवला. पलीकडे घरी वहिनी, आणि त्यांच्यासमोर पलंगावर मेहुणा. इकडे दोरी तुटली की तिकडे काय होतंय ते लगेच कळावं, म्हणून ही व्यवस्था.

"कापतोय," टाचणी म्हणाला.

"कापा."

त्यानं पातं दोरीला लावलं. रेशमाचा एक पदर तुटला. टिक्.

"थांबा." वहिनींचा आवाज एकदम सपाट. "त्याच्या गळ्याला... रक्त आलंय. रेघ उमटलीय."

टाचणीनं पातं मागे घेतलं.

"आता?"

"थांबलंय... वाढत नाहीये. तुम्ही लावू नका ते पुन्हा."

पातं त्यानं जमिनीवर ठेवलं. मग बाहीची एक टाचणी काढली, आणि गाठीत घालून एकेक पदर उकलायला लागला. अशा गाठी सोडवण्यातच त्याचा जन्म गेला होता. घाई नाही, ओढाताण नाही. टाचणी वाकली. दुसरी घेतली. मी दिवा थोडा खाली घेतला. त्याच्या कपाळावरून घाम येत होता, आणि समोर त्या भोकातूनही... थेंब. थेंब.

"सैल होतेय," तो पुटपुटला. "तिकडे?"

"डोळे मिटले त्यानं." मग, "त्यानं तोंड उघडलं."

आम्ही दोघं श्वास धरून.

"...ताई म्हणाला. अहो, मला ताई म्हणाला तो."

वहिनी रडत होत्या की हसत होत्या, कळत नव्हतं. मी टाचणीच्या पाठीवर हात ठेवला. आणखी एक पदर, बास, एकच पदर राहिला होता.

"उठलाय तो," वहिनी म्हणाल्या.

"बसव त्याला."

"बसत नाहीये... मी हात धरलाय... दाराकडे..."

"धरून ठेव. सोडू नकोस."

"नाही सोडत... जिना... अहो, मला आवरत नाहीये हा... कुणी बोलावल्यासारखा चाललाय..."

टाचणीनं गाठीतून टाचणी काढून घेतली. म्हणजे सोडवायचं थांबवलं. मग पुन्हा घातली. पुन्हा काढली. काय केलं तर तो थांबेल? सोडवली तर? न सोडवली तर? त्यानं माझ्याकडे बघितलं.

फोनमधून फक्त पावलांचा आवाज. वहिनींच्या चपलांचा.

मग तोही नाही.

मुखवट्याच्या कडेला आतल्या कागदाचा एक तुकडा राहून गेला होता. बोटभर. तो बाहेरच्या बाजूला हलला. कुणी आतून श्वास सोडावा तसा. एकदा.

पुन्हा हलला नाही.

टाचणीचे दोन्ही हात हवेत होते. मी शपथेवर सांगतो, त्याचं बोटसुद्धा लागलेलं नव्हतं. आणि आमच्या डोळ्यांसमोर ती गाठ... सुटली. आपोआप. दोरी दोन्हीकडून ओघळून खाली पडली.

टाचणी तिथेच खाली बसला. कारण गाठ कोण सोडवतो, ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

वहिनी गल्लीच्या तोंडाशी सापडल्या. सलूनसमोर. हात पुढे केलेला, मूठ वळलेली, मुठीत काही नाही. त्या एवढंच सांगत होत्या, की मी सोडला नाही. मी हात सोडलाच नाही. पोलिसांनी समोरच्या दुकानाचा कॅमेरा तपासला. आम्हालाही दाखवला. त्यात वहिनी एकट्याच चालत येतात. हात पुढे, शरीराचा भार मागे टाकून. कुणीतरी ओढत न्यावं तशा. पुढे कुणी नाही.

तक्रार दिली, फोटो लावले, दवाखाने पालथे घातले. मेहुणा मिळाला नाही. कशाचा मागमूस नाही.

प्रदर्शन संपलं तेव्हा पाहुणे सामान न्यायला आले. शिरस्त्राण उतरवलं, मुखवटा उतरवला, मऊ कागदात गुंडाळून पेटीत ठेवला. मग खाली राहिलेल्या त्या फोमच्या डोक्यासमोर उभे राहिले, आणि कमरेत वाकले. बराच वेळ तसेच. जाताना टाचणीचा हात दोन्ही हातांत धरला. आपल्याकडे असे पुतळे काम झालं की भंगारात जातात. टाचणीनं ते डोकं पिशवीत घालून घरी नेलं. साहेबांनी विचारलं नाही, मीही विचारलं नाही. पुढच्या महिन्यात त्यानं नोकरी सोडली.

मधे वर्ष-दीड वर्ष मी तिकडे गेलो नाही. काय तोंडानं जाणार, आणि बोलणार काय? मग एका रविवारी सकाळी धीर करून गेलो. दार नुसतं लोटलेलं. वहिनी कडी लावत नाहीत, तेव्हापासून. मला म्हणाल्या, बसा, ह्यांचं चाललंय आत, होईलच इतक्यात.

आत खिडकीपाशी ऊन आलं होतं. टाचणी खुर्चीत बसला होता, मांडीवर टॉवेल, टॉवेलवर ते डोकं. बाजूला गरम पाणी, साबण, ब्रश. हातात वस्तरा. एका गालाला फेस लावून झाला होता.

म्हटलं, संपला हा माणूस, दुःखानं डोकं फिरलं याचं. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि त्याला ते कळलं. माझा हात धरला, आणि फेस न लावलेल्या गालावर ठेवला.

खरखरीत.

मीच आणून दिलेलं कापड होतं ते. सुती. धुतलेलं, मऊ. त्यातून खुंट वर आले होते... दाट. आठवड्याचे.

तेव्हापासून मी अधूनमधून जातो. वहिनी चहा ठेवतात. टाचणी हळूहळू, हनुवटीखाली विशेष जपून, दाढी करतो. पुसून कोरडं केलं की वहिनी येतात, एकदा गालावरून हात फिरवतात आणि आत जातात. सहा वर्षं झाली आता. दर रविवारी.

गेल्या रविवारी गेलो होतो. टाचणीनं वस्तरा उचलला होता, तो तसाच धरून बसला होता. म्हणाला, तिला बोलावू की नको? मी वाकून बघितलं.

हनुवटीवर दोन केस पांढरे झालेत.